आधी खेळ, मग धडा, मग वही

टेनिसपटू आर्थर ॲश वाढला तो मैदानातच. अमेरिकेतल्या रिचमंड शहरात त्याचे वडील ब्रुकफिल्ड पार्कची देखरेख करत आणि कुटुंबाचं घर पार्कच्या आतच होतं. हा पार्क कृष्णवर्णीयांसाठी होता. दारातून बाहेर पडलं की समोर टेनिसची कोर्टं. त्याच शहरातल्या बर्ड पार्कची कोर्टं मात्र गोऱ्यांची होती, आणि तिथे या मुलाला मज्जाव होता.

त्याला घडवलं लिंचबर्गच्या डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन यांनी. पेशाने डॉक्टर असलेले जॉन्सन उन्हाळ्यात घरालगतच्या कोर्टावर कृष्णवर्णीय मुलांना शिकवत. टेनिसपटू अल्थिया गिब्सन यांनाही त्यांचंच मार्गदर्शन लाभलं होतं. गोऱ्यांच्या स्पर्धांत कुरबुरीला निमित्तच मिळू नये, म्हणून जॉन्सन यांचा एक दंडक होता : प्रतिस्पर्ध्याचा चेंडू रेषेच्या दोन इंच बाहेर पडला तरी तो आतच धरायचा.

१९६८ मध्ये ॲश यांनी यूएस ओपन जिंकली. लष्करात लेफ्टनंट असलेले ॲश हौशी खेळाडू म्हणून उतरले होते, त्यामुळे १४ हजार डॉलरचं बक्षीस अंतिम सामना हरलेल्या टॉम ओकरकडे गेलं. पुढच्याच वर्षी ॲश, त्यांचा कॉलेजपासूनचा मित्र चार्ली पासारेल आणि उद्योजक शेरिडन स्नायडर यांनी नॅशनल ज्युनियर टेनिस लीग सुरू केली. तेव्हा टेनिस म्हणजे क्लबचं सभासदत्व, पांढरे कपडे आणि महागडी शिकवणी. लीगने हा क्रमच उलटा केला. शहरातल्या सार्वजनिक कोर्टांवर मुलांना बोलवायचं, त्यांचे संघ पाडायचे आणि आधी खेळायला लावायचं. पकड, फोरहँड, सर्व्हिस हे सगळं नंतर.

टेनिसच का? साध्या ज्युनियर सामन्यात बहुधा पंच नसतो. समोरच्याचा चेंडू आपल्या बाजूला आत पडला की बाहेर, हे खेळणाऱ्या मुलानेच सांगायचं. गुण मोठ्याने तोच पुकारतो. खोटं बोलायची संधी दर दोन मिनिटांनी येते आणि समोर उभा असलेला दुसरा मुलगा ते पाहत असतो. प्रामाणिकपणावरचं एखादं भाषण जे करणार नाही, ते असा एक सेट करतो.

पण ॲश यांना मुलांचं भवितव्य रॅकेटच्या भरवशावर सोडायचं नव्हतं. फेब्रुवारी १९७७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून त्यांनी कृष्णवर्णीय पालकांना जाहीर पत्र लिहिलं. व्यावसायिक खेळात जागा मूठभर, तिथे पोचणारे त्याहून थोडे. तेव्हा मुलांना वाचनालयात पाठवा, असा त्याचा आशय होता. हे सांगणारा माणूस दोनच वर्षांपूर्वी विम्बल्डन जिंकलेला होता, म्हणून त्या शब्दांना वजन होतं.

पुढे लीगचं नावही त्याच दिशेने सरकलं. ‘लीग’च्या जागी ‘लर्निंग’ आलं. एनजेटीएल ही आद्याक्षरं तशीच राहिली. आज अमेरिकेच्या टेनिस संघटनेच्या छत्राखाली देशभर पसरलेल्या या जाळ्यात अडीचशेहून अधिक संस्था आहेत. ब्रॉन्क्समध्ये, वॉशिंग्टनमध्ये, फिलाडेल्फियात शाळा सुटल्यावर मुलं येतात. कोर्टाबरोबरच गृहपाठ, वाचन, पुढे कॉलेजच्या प्रवेशाची तयारी असा दिनक्रम असतो.

शिकागोच्या पश्चिम भागातल्या अशाच एका केंद्रात सहा वर्षांची कॅट्रिना ॲडम्स पहिल्यांदा रॅकेट धरायला शिकली. ती व्यावसायिक खेळाडू झाली, आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या टेनिस संघटनेची पहिली कृष्णवर्णीय अध्यक्ष. हार्लेममधल्या ज्युनियर कार्यक्रमातून आलेला जेम्स ब्लेक हार्वर्डमध्ये दोन वर्षं शिकला आणि २००६ मध्ये जगात चौथ्या क्रमांकावर पोचला. ही झाली ठळक नावं. या केंद्रांतली बहुतेक मुलं व्यावसायिक टेनिसच्या वाटेला जातही नाहीत, आणि तशी ती जावीत असा संस्थांचा आग्रहही नाही.

६ फेब्रुवारी १९९३ रोजी ॲश गेले. १९९७ पासून यूएस ओपनच्या मुख्य स्टेडियमला त्यांचं नाव आहे. एनजेटीएलच्या मुलांसाठी दरवर्षी त्यांच्याच नावाने निबंध स्पर्धा होते. तिच्या राष्ट्रीय विजेत्यांना न्यूयॉर्कला नेलं जातं, यूएस ओपन पाहायला. त्यांची निवड होते ती त्यांनी लिहिलेल्या पानांवरून. सर्व्हिस कशी आहे, हे कुणी विचारत नाही.