वर्षाच्या शेवटी मुलाला काय यायला हवं?

लेखमाला : प्राथमिक शाळा आणि पालक – भाग ४

मागच्या तीन भागांत आपण पहिलीच्या प्रवेशाचं वय, अंगणवाडीतून शाळेत जाण्याची तयारी आणि शाळेचं वेळापत्रक पाहिलं. आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जूनमध्ये मूल वर्गात बसतं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर प्रगतिपुस्तक घेऊन घरी येतं. या मधल्या महिन्यांकडून पालकांनी नेमकी कशाची अपेक्षा धरायची? नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या अनेक घरांत याचं उत्तर ठरलेलं असतं: चांगले मार्क, वर्गात वरचा नंबर आणि पूर्ण झालेलं पुस्तक. ही तिन्ही मापं प्राथमिक शाळेला लागू पडत नाहीत, आणि ती लावल्याचा तोटा पुढे मुलालाच सोसावा लागतो, असं माझं म्हणणं आहे. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक वर्षाकडून एकच गोष्ट मागावी: जूनमध्ये मुलाला जे जमत नव्हतं ते एप्रिलपर्यंत त्याला एकट्याला, समजून करता यावं. आणि ते कुठवर आलं आहे, हे शाळेनं पालकांना वर्षभर सांगत राहावं.

आपल्याकडे मार्कांना एवढं वजन का आलं, हे आधी समजून घ्यायला हवं. आपला भाग निजामाच्या राजवटीत होता, तेव्हा वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं संस्थान भारतात आलं, पण वाडी-तांड्यापर्यंत शाळा पोचायला पुढे बराच काळ गेला. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२.३ टक्के होती आणि आपले दोन्ही जिल्हे त्या सरासरीच्या खालीच होते. अशा मुलखात लातूरच्या राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांची मुलं बारावीच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ हे नाव राज्यभर झालं. आज वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीसाठी मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून मुलं लातूर-नांदेडात येऊन राहतात. कोरडवाहू शेती करणाऱ्या घरातलं मूल डॉक्टर होताना दिसलं की शेजारच्या घरालाही तीच वाट दिसते, आणि त्यात गैर काहीच नाही. पण त्या पॅटर्नचा गाभा काय होता? आखलेलं वेळापत्रक, भरपूर सराव, वारंवार चाचण्या आणि चुकलेल्या प्रश्नांचं निरसन. हे सगळं सोळा-सतरा वर्षांच्या, पाठ्यपुस्तक स्वतः वाचून समजू शकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी रचलेलं होतं. तीच रीत सहा वर्षांच्या मुलावर लादली की सरावाचं पाठांतर होतं आणि चाचणीची भीती बसते. पॅटर्न ज्या वाचनक्षमतेवर उभा राहतो ती घडवायचं काम पहिली ते पाचवीचं आहे. ते काम अर्धवट ठेवून पुढच्या परीक्षांची घाई केली, तर पुढचं यशही डळमळीतच राहतं.

मग प्रत्येक वर्षाकडून नेमकं काय मागायचं? ५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारनं ‘निपुण भारत’ अभियान सुरू केलं आणि महाराष्ट्रानंही ते स्वीकारलं. त्यातली उद्दिष्टं साध्या भाषेत सांगता येतात. पहिलीच्या अखेरीस मुलानं आधी न पाहिलेल्या मजकुरातली चार-पाच सोप्या शब्दांची वाक्यं वाचावीत, ९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात-लिहाव्यात आणि सोपी बेरीज-वजाबाकी करावी. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ समजून वाचावेत आणि ९९९ पर्यंतच्या संख्या ओळखाव्यात. तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, ९९९९ पर्यंतच्या संख्या कळाव्यात आणि गुणाकाराची सोपी उदाहरणं सुटावीत. यातले ‘आधी न पाहिलेला’ आणि ‘समजून’ हे शब्द पालकांनी नीट लक्षात ठेवावेत. पुस्तकातला धडा घडाघड म्हणणारं मूल पुष्कळदा तो ऐकून पाठ झालेला म्हणत असतं. नवा परिच्छेद समोर ठेवला की ते अडखळतं, आणि तिथेच खरी स्थिती कळते.

ही उद्दिष्टं माफक वाटतील, पण प्रत्यक्षात ती किती दूर आहेत ते ‘असर’ सर्वेक्षण दाखवतं. ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. शाळा बंद राहिल्यानंतरच्या २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर घसरली आणि २०२४ मध्ये २७.१ टक्क्यांवर परतली. म्हणजे सावरल्यानंतरही चारांतली जवळपास तीन मुलं तिसरीत मागेच आहेत. याला एक कारण लिपीचंही आहे. स्वर, व्यंजनं, काना-मात्रा, वेलांट्या, उकार आणि मग जोडाक्षरं, असा मोठा पसारा मुलाला हाताखालून घालावा लागतो. संशोधक सोनाली नाग यांनी अशाच रचनेच्या कन्नड लिपीवर अभ्यास करून २००७ मध्ये दाखवलं, की अक्षरज्ञान पूर्ण व्हायला मुलांना प्राथमिक शाळेची कित्येक वर्षं लागतात. पालघर जिल्ह्यातल्या वाडा भागात मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये कन्नड शिकणाऱ्या मुलांच्या दीर्घ अभ्यासातही हेच पुढे आलं: वर्गातला बराच वेळ अक्षरं गिरवण्यात जातो, वाचलेल्याचा अर्थ लावण्यावर बोलणं फार थोडं होतं, आणि तिसरी संपतानाही पुष्कळ मुलांना परिच्छेद वाचता येत नाही. तेव्हा पहिलीच्या दिवाळीपर्यंत मुलानं फाडफाड वाचावं ही अपेक्षा अवास्तव आहे. तिसरी संपेपर्यंतही ते वाचू लागलं नाही, तर मात्र ‘येईल हळूहळू’ म्हणून स्वस्थ बसणं धोक्याचं आहे.

प्रगतिपुस्तकाकडेही या नजरेनं पाहायला हवं. महाराष्ट्रानं २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू केलं, तेव्हा पहिली-दुसरीसाठी आकारिक मूल्यमापनाला ७० टक्के आणि संकलित म्हणजे सत्रअखेरच्या परीक्षेला ३० टक्के भार दिला. तिसरी-चौथीत हे प्रमाण ६० आणि ४०, पाचवी-सहावीत निम्मं-निम्मं ठेवलं. आकारिक म्हणजे रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, स्वाध्याय. लहान मुलाला काय येतं हे एका पेपरात कळत नाही, गुरुजींनी किंवा बाईंनी वर्षभर पाहिल्यावरच कळतं, असं या रचनेनंच मान्य केलं आहे. पण प्रगतिपुस्तक हातात आलं की पालकांचा डोळा अ-१ आहे की ब-१ यावरच जातो. त्या श्रेणीपेक्षा शेजारची वर्णनात्मक नोंद कितीतरी मोलाची असते. ‘जोडाक्षरांच्या शब्दांना अडखळतो’ किंवा ‘हातच्याची वजाबाकी अजून पक्की नाही’ अशी नोंद असेल, तर पुढचे दोन महिने घरी आणि शाळेत काय करायचं ते ठरतं. ‘प्रगती समाधानकारक’ एवढंच लिहिलेलं असेल, तर पालकांनी अदबीनं पण ठामपणे विचारावं: समाधानकारक म्हणजे नेमकं काय येतं?

यावर पहिली हरकत स्पर्धेची येईल. पाचवीतच नवोदयची परीक्षा आहे, प्राथमिकमध्येच शिष्यवृत्तीही आहे. आधीपासून तयारी केली नाही तर मूल मागे पडेल. नांदेड जिल्ह्यात शंकरनगरला आणि लातूरला नवोदय विद्यालय आहे, सहावीच्या जागा साधारण ८० असतात, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी राखीव असतात. ही संधी मोठी आहे, हे खरंच. पण त्या परीक्षेचा पेपर उघडून पाहावा. १०० पैकी ५० गुण बुद्धिमत्ता चाचणीला, २५ अंकगणिताला आणि २५ भाषेला. भाषेचा भाग म्हणजे न पाहिलेले उतारे वाचून प्रश्नांची उत्तरं देणं, आणि अंकगणितातलं शाब्दिक उदाहरणही आधी वाचून समजावं लागतं. म्हणजे ज्या परीक्षेसाठी घाई करायची तिचं भांडवलही समजून वाचण्याची आणि हिशेब लावण्याची क्षमता हेच आहे. पाचवीत एक वर्ष नेटानं सराव केला तर वाचता येणाऱ्या मुलाला तो पुरेसा ठरू शकतो. न वाचता येणाऱ्या मुलाला दुसरीपासून शिकवणी लावली तरी प्रश्नसंच पाठ करण्यापलीकडे फार काही साधत नाही.

दुसरी हरकत इंग्रजीची. मराठी शाळेत घातलं तर इंग्रजी कच्चं राहील, म्हणून फी भरून इंग्रजी माध्यम. वस्तुस्थिती अशी की राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवलं जातं. शिक्षण हक्क कायदाही शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावं असं सांगतो, कारण ज्या भाषेत मूल बोलतं त्याच भाषेत त्याला वाचलेलं पडताळून पाहता येतं. आपल्या जिल्ह्यांत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं, किनवट-माहूरमध्ये गोंडी आणि कोलामी, देगलूर-धर्माबादच्या पट्ट्यात तेलुगू, उदगीरकडे कन्नड, शहरांत उर्दू. यांतल्या कित्येक मुलांना शाळेतली मराठीसुद्धा नवीच असते. अशा मुलानं पहिल्या सत्रात वहीत काय लिहिलं यापेक्षा ते वर्गात बोलू लागलं का, बाईंचं सांगणं त्याला कळतं का, हे आधी विचारायला हवं. बोलणं न जमलेल्या भाषेत वाचणं लादलं की मूल गप्प होतं, आणि त्या गप्प राहण्याला ‘हुशारी नाही’ असा शिक्का बसतो.

तिसरी हरकत सर्वांत खरी आहे: आम्हीच शिकलेलो नाही, आम्ही शाळेला काय विचारणार? ‘असर’ची चाचणी २००५ पासून स्वयंसेवक घरोघरी जाऊन घेतात, आणि ती अगदी साधी आहे. अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, एवढंच मुलापुढे ठेवलं जातं. घरीही असंच करता येतं. मुलाला नवी गोष्ट मोठ्यानं वाचायला सांगावी आणि मग ‘गोष्टीत काय झालं, ते तुझ्या शब्दांत सांग’ म्हणावं. स्वतःला अक्षर ओळखत नसलं, तरी मूल सलग वाचतंय की दर शब्दाला थांबतंय, आणि सांगितलेल्या गोष्टीत काही अर्थ लागतोय का, हे कोणत्याही आईला ऐकून कळतं. आठवडी बाजारातून आल्यावर दिलेले पैसे, झालेला खर्च आणि उरलेली रक्कम त्याच्याकडून तोंडी काढून घ्यावी. २०२२ मध्ये राज्यानं ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात गावोगाव माता गट उभे केले, ते याच विश्वासावर. शिवाय विचारणं हा पालकांचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार शिक्षकानं पालकांना नियमित भेटून मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगायची असते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असंही हाच कायदा सांगतो. कलम १७ मारहाण आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं. म्हणून ‘पोराला चांगलं बदडा, पण शिकवा’ हे सांगणंही आता थांबवलं पाहिजे.

शेवटची हरकत शिक्षकांच्या बाजूची आहे आणि ती टाळता येणार नाही. दोन शिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-तीन वर्ग बसतात, वर ऑनलाइन माहिती भरण्याची आणि निवडणुकीची कामं येतात. अशा शाळेकडून प्रत्येक मुलाचा हिशेब मागणं अन्यायाचं नाही का? कायदा पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन मागतो. तो वेळ इतर कामांत जात असेल, तर पालकांनी शिक्षकाशी भांडण्याऐवजी व्यवस्थापन समितीतून तसा ठराव करून वर पाठवावा. शिक्षकालाही अशा पाठबळाची गरज असते. त्याचबरोबर या तासांतला आपला वाटाही पाहावा. ऊसतोडीच्या टोळीबरोबर दिवाळीनंतर कारखान्याकडे गेलेलं मूल मार्च-एप्रिलमध्ये परततं, म्हणजे दुसरं सत्र जवळजवळ पूर्ण बुडतं. उचल घेतलेल्या आई-बापांपुढे पर्याय थोडे असतात, त्यांना दोष देऊन काही होत नाही. पण गावात हंगामी वसतिगृह सुरू होणार आहे का, हे ऑक्टोबरच्या आत विचारणं, आणि जावंच लागलं तर शाळेकडून शिक्षण हमी पत्रक घेऊन कारखान्याजवळच्या शाळेत मुलाला बसवणं, एवढं करता येतं.

पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे. त्यात अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला पुन्हा परीक्षेची संधी मिळते, तरीही न जमल्यास त्याला त्याच वर्गात ठेवलं जातं. हा नियम आल्यापासून ‘आता पोरं अभ्यास करतील’ असं समाधान ऐकू येतं. पण पाचवीत अडलेलं मूल बहुधा दुसरी-तिसरीतच अडलेलं असतं, फक्त ते कुणी वेळेत पाहिलेलं नसतं. म्हणून पालकांची खरी परीक्षा पहिल्या सत्राच्या पालकसभेत आहे. तिथे तीन प्रश्न विचारावेत: जूनपासून माझ्या मुलाला नवीन काय येऊ लागलं, ते सध्या कुठे अडतंय, आणि दिवाळीनंतर त्यासाठी शाळा काय करणार व आम्ही घरी काय करायचं? ही उत्तरं तारखेसह वहीत लिहून ठेवावीत आणि एप्रिलमध्ये तीच वही घेऊन पुन्हा जावं. एका वर्गातल्या दहा पालकांनी एवढं केलं, तरी त्या शाळेत मार्कांऐवजी शिकण्याची चर्चा सुरू होईल. पुढच्या भागात याच सभेविषयी सविस्तर पाहू: व्यवस्थापन समिती कशी निवडली जाते, तिचे अधिकार कोणते आणि ठराव कसा मांडायचा.