पांखरांचें पाणी व त्याची निगा

फाल्गुन सरला कीं पनवेल-उरणकडे पुष्कळ घरांच्या अंगणांत पांखरांसाठीं पाण्याचें परळ ठेवतात. रीत चांगली आहे व हल्लीं तिची गरजही वाढली आहे. सन १९७० पासून ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनींवर नवी मुंबई वसत गेली. पुष्कळ ठिकाणीं भातखाचरें, खाजणें व मिठागरें भरावाखालीं गेलीं. महसुली दप्तरांत ज्या तळ्यांच्या नोंदी प्रस्तुत लेखकानें स्वहस्तें उतरून काढल्या, त्यांपैकीं कांहींच्या जागीं आज इमारती उभ्या आहेत. पांखरांस घाम येत नाहीं. उष्मा झाला कीं तीं चोंच उघडून धापा टाकतात व त्यांत अंगचें पाणी जातें. तेव्हां तीं आपल्या अंगणांत येतात यांत नवल नाहीं. परंतु पाणी ठेवणें ही अर्धी गोष्ट झाली. न धुतलेलें परळ पांखरांस व घरच्या माणसांस सारखेंच घातक होतें, हें मी स्वतःच्या चुकीनें शिकलों.

तीन वर्षांपूर्वीं आमच्या अंगणांतील परळ मी रोज भरीत असें. रिकामें मात्र करीत नसें. तळाशीं आहे त्यांत तांब्याभर ओतलें कीं काम झालें, अशी माझी समजूत. आश्विनांत नातीस डेंग्यूचा ताप येऊन पांच दिवस दवाखान्यांत ठेवावें लागलें. मागाहून तपासणीस आलेल्या आरोग्य सेवकानें तें परळ उजेडाकडे तिरकें धरलें, तों पाण्यांत अळ्या वळवळत होत्या. तिला चावलेला डास त्याच पाण्यांतला होता असें कोणी सांगूं शकत नाहीं. पण नव्हता असेंही मला म्हणतां येईना. पोर बरी झाली. त्या दिवसापासून परळाची निगा मी स्वतःकडे घेतली.

डास व जंतु.— डेंग्यूचा डास दिवसा चावतो व त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात. त्याची मादी अंडीं पाण्यांत न घालतां पाण्याच्या रेषेच्या किंचित् वर, भांड्याच्या ओलसर बाजूस चिकटविते. तीं अंडीं कोरडीं राहूनही कित्येक महिने टिकतात व पाणी लागतांच फुटतात. उन्हाळ्यांत अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून नुसतें पाणी ओतून टाकणें पुरेसें नाहीं, कांठ घांसलाच पाहिजे. उलटपक्षीं, होले व पारवे यांच्या घशांत रोग करणारा एक सूक्ष्म जंतु लाळेवाटे पाण्यांत उतरतो. तो ओलाव्यांत जगतो व वाळला कीं मरतो. त्यासाठीं भांडें उन्हांत वाळविलें पाहिजे. सारांश, डासाच्या अंड्यांवर उपाय घांसण्याचा व या जंतूवर उपाय वाळविण्याचा. एकानें दुसऱ्याचें काम होत नाहीं.

भांडें.— मातीचें परळ किंवा दगडाची उथळ डोणी उत्तम. पाणी दोन इंचांहून खोल नसावें. मध्यें एक खरबरीत दगड ठेवावा, म्हणजे लहान पांखरास पाय टेकतां येतो. शिंपी व दयाळ अशीं पांखरें उथळ पाण्यांतच स्नान करितात. पिकावरील औषध कालविलेलें भांडें कितीही धुतलें तरी या कामीं घेऊं नये. परळें दोन असावींत. एक कामांत व एक उन्हांत.

धुण्याची रीत.— रोज सकाळीं शिळें पाणी झाडाच्या आळ्यांत ओतून ताजें भरावें. दर तिसऱ्या-चौथ्या दिवशीं नारळाच्या सोडणानें आंतून, बाहेरून व विशेषतः कांठाखालीं घांसावें, आणि दिवसभर उन्हांत पालथें ठेवावें. मधला दगडही घांसावा. विहिरीच्या पाण्यानें पांढरा थर धरल्यास लिंबाच्या फोडीनें चोळावा. साबण वापरूं नये. डास मरावेत म्हणून पाण्यांत रॉकेल किंवा तेल टाकणें तर सर्वथा वर्ज्य. तेलानें पिसें चिकटतात व पांखरास उडतां येत नाहीं.

जागा.— परळ सांवलींत, परंतु झुडपापासून आठ-दहा फूट दूर असावें. मांजर झुडपांत दबा धरितें. फांदीखालीं ठेवल्यास पाण्यांत विष्ठा पडते. दाणे टाकण्याची व कोंबड्यांची जागा निराळी असावी. जानेवारी २०२५ मध्यें उरण तालुक्यांतील चिरनेर येथें कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला होता. तेव्हां रानच्या पांखरांचें व घरच्या कोंबड्यांचें पाणी एक करूं नये. पीस फुगवून सुस्त बसलेलें पांखरूं दिसल्यास परळ कांहीं दिवस उचलून घ्यावें. मेलेलीं पांखरें आढळल्यास उघड्या हातानें न शिवतां गुरांच्या दवाखान्यांत कळवावें.

पावसाळा.— मृग लागून पाऊस स्थिरावला कीं परळें घांसून, वाळवून घरांत पालथीं ठेवावींत. त्या दिवसांत पांखरांस पाण्याची वाण नसते. अंगणांत राहिलेलें परळ केवळ डासांच्या उपयोगीं पडतें.

या खटाटोपाचा शेतकऱ्यास लाभ काय, असें कोणी विचारील. साळुंकी नांगरामागें फिरून हुमणीसारखे किडे वेंचते. चिमणी दाणे खाते खरी, पण पिलांस अळ्या भरविते. हीं आपल्या शिवारांतलीं बिनपगारी माणसें आहेत. त्यांस पाणी द्यावें तें आपल्या मुलाबाळांस प्यावयास देतां येईल इतकें स्वच्छ द्यावें. आणि रोजची दहा मिनिटें देण्याची तयारी नसेल, तर परळ अंगणांत न ठेवणेंच बरें.