व्हार्निश वाळत का नाही?



गळीत हंगाम आटोपला की दारे-खिडक्या व अवजारांच्या दांड्यांना व्हार्निश लावण्याचे काम निघते. गेल्या पावसाळ्यात आमच्या फर्दापूर गट कार्यालयाच्या दाराला आम्ही जुन्या डब्यातले व्हार्निश फासले. आठ दिवस झाले तरी बोट चिकटायचे! चूक आमचीच, म्हणून ही माहिती देत आहोत.

जवसाच्या तेलाचे व्हार्निश पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. म्हणून दमट हवा, बंद खोली, जाड हात किंवा ओले, तेलकट लाकूड असले की ते रेंगाळते. लाखेच्या व्हार्निशमधले स्पिरिट उडाले की झाले. मात्र स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख सहा महिने ते वर्षभरात उतरते; मग ती चिकटच राहते. लागेल तेवढीच करावी व डब्यावर तारीख घालावी.

जुना डबा आधी काचेच्या तुकड्यावर तपासा. लाखेचा पातळ हात तासाभरात व तेलाचा दुसऱ्या दिवशी वाळला नाही, तर डबा बाजूला ठेवा. वर साय आली असेल तर ढवळू नका, काढून गाळून घ्या.

चिकट दारावर दुसरा हात देऊ नये. आठवडाभर वारे लागू द्या. तरीही सुकले नाही तर लाखेचे स्पिरिटने व तेलाचे टर्पेंटाइनने पुसून, खरवडून नव्याने पातळ हात द्या.

लावलेला थर काढणे किती जिकिरीचे, ते आपल्या शेजारच्या अजिंठ्याला बघा. १९२० ते १९२२ च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लेण्यांतली चित्रे टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचा थर दिला. हेतू चांगला, पण तो थर पुढे पिवळा-तपकिरी पडला. पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो जपून काढावा लागला. दार खरवडता येते, चित्र नाही. तेव्हा आधी कोपऱ्यात लावून बघा, मगच पुढे जा.

शेवटी एक महत्त्वाचे. जवस तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेटू शकतो. पाचटाच्या गंजीजवळ तो चुकूनही टाकू नका. चिंध्या उघड्यावर सुट्या पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.