मामाच्या जीपमधली जाडजूड वायर

दोस्तांनो, समजा तुमचा मामा आशागडला राहतो. लग्नसराई तोंडावर आली आहे आणि मामाने आपल्या जीपमध्ये गाण्यांसाठी मोठा ॲम्प्लिफायर बसवायचं ठरवलं आहे. बॅटरी पुढे बॉनेटखाली, ॲम्प्लिफायर मागच्या सीटखाली. मध्ये पाचेक मीटर वायर ओढायची. दुकानदार करंगळीएवढी जाड वायर काढून दाखवतो आणि तिची किंमत ऐकून मामा वैतागतो, "एवढी कशाला? घरचा मिक्सरसुद्धा बारीक वायरीवर चालतो की!"

मामाचं म्हणणं पटतं ना? पण जरा गणित करा. मिक्सर 500 वॅटचा. घरची वीज 230 व्होल्टची. 500 ला 230 ने भागा, दोन अँपियरपेक्षा थोडा जास्त प्रवाह आला. आता तेवढ्याच 500 वॅटचा ॲम्प्लिफायर घ्या. बॅटरी मात्र 12 व्होल्टची! भागाकार 42 च्या आसपास येतो. शिवाय ॲम्प्लिफायर स्वतः गरम होऊन थोडी वीज वाया घालवतो, म्हणून 50 अँपियर धरा. काम तेवढंच, पण वायरीतून जाणारा प्रवाह वीस-पंचवीस पट.

याची उलटी बाजू डहाणूतच बघायला मिळते. 1995 मध्ये सुरू झालेल्या तिथल्या औष्णिक वीज केंद्राचे 250 मेगावॅटचे दोन संच. त्यांची वीज मुंबईकडे निघते ती 2 लाख 20 हजार व्होल्टच्या दाबाने. दाब एवढा प्रचंड ठेवला, म्हणून मनोऱ्यांवरच्या तारांना ती पेलते. तीच वीज 12 व्होल्टने पाठवायची म्हटली असती तर? चार कोटींहून जास्त अँपियर! तेवढी जाड तार कोण बनवणार?

प्रवाह वाढला की वायर तापते, आणि तीही वर्गाच्या हिशेबात. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. मामाने अडीच चौरस मिलिमीटरची वायर टाकली, तर 50 अँपियरला त्या पाच मीटरमध्ये 85 वॅटच्या आसपास उष्णता निघेल. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडची 25 वॅटची डाग द्यायची इस्त्री पाहिली असेल ना? तशा तीन इस्त्र्या सीटखालच्या गालिच्यात लपवल्यासारखंच झालं. 25 चौरस मिलिमीटरची वायर घेतली की हीच उष्णता दहा पटींनी कमी होते. मात्र वायर शुद्ध तांब्याची हवी. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशीही वायर मिळते. ती हाताला हलकी लागते, आणि एक तार पात्याने खरवडली की आतून पांढरी दिसते.

पण खरी भीती वेगळीच आहे. इंजिन आणि माणसं यांच्यामध्ये जो पत्रा असतो, त्याच्या भोकातून ही वायर आत येते. पत्र्याची कड सुरीसारखी. आशागडहून चारोटीपर्यंत गाडी हादरत गेली, की प्रत्येक हादऱ्याला कड प्लास्टिकवर घासते. एक दिवस तांबं पत्र्याला टेकतं. गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो, त्यामुळे झाला शॉर्ट! बॅटरी शेकडो अँपियर ओतते आणि जाडजूड वायरसुद्धा लाल होते.

"ॲम्प्लिफायरला फ्यूज आहे की!" मामा म्हणेल. आहे, पण तो मागे. शॉर्ट झाला पुढे. वाढलेला प्रवाह मागच्या फ्यूजपर्यंत पोहोचतच नाही, पत्र्यातून परस्पर बॅटरीत परततो. मग मागचा फ्यूज वितळणार कसा? म्हणून मोठा फ्यूज बॅटरीच्या अगदी शेजारी लागतो, फार तर दीड फुटावर. तो वायरीच्या रक्षणासाठी असतो, म्हणून वायर सोसू शकेल त्याहून मोठा घालायचा नाही. आपल्या मामाला 60 अँपियरचा पुरे. आणि तो उडाला की त्याजागी तारेचा तुकडा वळवून घालायचा नाही. ही युक्ती फार लोकप्रिय आहे, दुर्दैवाने.

हे काम तुम्ही करायचं नाही, बरं का! ते वायरमन करील. तुम्ही शेजारी उभं राहून बघा. सुरुवातीला त्याने बॅटरीचं ऋण टोक सोडवलं का? पत्र्याच्या भोकात रबराची रिंग बसवली का? अर्थिंगची वायरही तेवढीच जाड घेतली का, आणि ती जिथे जोडली तिथला रंग खरवडला का? रंगावर स्क्रू आवळला तर जोड तापतो. गाण्याची बारीक वायर त्याने दुसऱ्या बाजूने नेली का, हेही बघा. दोन्ही एकत्र बांधल्या तर गाण्यामागे इंजिनाची घरघर ऐकू येते.

तारप्याला यातलं काहीच लागत नाही, फक्त वाजवणाऱ्याची फुंक! पण मामाला जीपच हवी आहे. तर गाणी लावून पहिल्यांदा चारोटीला पोहोचलात की गाडी बंद करायला सांगा. मग मामाने वायरीवर आणि फ्यूजच्या दोन्ही जोडांवर हात ठेवून बघायचं. कोमट लागलं तर ठीक. चटका बसला तर गाणी बंद, आणि परत वायरमनकडे.