खाडीपल्याड न्यायची फोल्डिंग सायकल

वर्सोव्याच्या जेट्टीवरून मढ समोरच दिसतं. फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे नेते. रस्त्याने जायचं तर मालाड-मार्वेवरून वीस किलोमीटरहून मोठा वळसा पडतो. मढला उतरून एरंगळ, आक्सा करत मार्वे गाठायचं, तिथून बोटीने मनोरी, मग सायकलने गोराई, आणि गोराईहून पुन्हा बोटीने बोरिवली. उपनगरात राहणाऱ्याला सायकलवरून समुद्र बघायचा असेल तर याहून सुंदर वाट मला माहीत नाही.

या बोटींवर स्कूटरसुद्धा चढतात, मग साधी सायकल का नको? अडचण बोटीच्या आधी सुरू होते. मुलुंडच्या माणसाला आधी लोकल, घाटकोपरला मेट्रो, वर्सोवा स्टेशनला उतरून मग जेट्टी. घरी चौथ्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये ती ठेवायची कुठे, हा प्रश्न वेगळाच. शिवाय रविवारी संध्याकाळी बोट भरलेली असते. हँडल-पेडल पसरलेली सायकल चार माणसांची जागा खाते आणि कुणाची तरी नडगी सोलते. घडी केलेली पायांशी उभी राहते.

दुकानात बहुतेक जण आधी गिअर मोजतात. बोटीसाठी घ्यायची असेल तर आधी भरती-ओहोटी समजून घ्यावी. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यापुढचे एक-दोन दिवस उधाण असतं. मोठ्या उधाणात मुंबईच्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटीच्या पाण्यात चार मीटरहून जास्त फरक पडतो. भरतीला बोट जेट्टीच्या जवळजवळ बरोबरीला येते. ओहोटीला ती खाली जाते आणि आपल्याला शेवाळलेल्या पायऱ्यांवरून उतरून हलत्या काठावर पाय टाकावा लागतो. वेळ काढायचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पहाटेही आणि दुपारी-संध्याकाळीही. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेच्या रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला, नेमकं सगळे परततात तेव्हा, पाणी सगळ्यात खाली असतं.

त्या क्षणी एक हात खलाशाच्या हातात असतो, म्हणून सायकल दुसऱ्या एकाच हाताने उचलता आली पाहिजे. साधारण फोल्डिंग सायकली अकरा ते पंधरा किलोच्या असतात. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पायरीवर तो खांद्याला कळतो. वजनाइतकीच पकड महत्त्वाची. घडी केल्यावर सायकलचा तोल जिथे सावरतो तिथे हात धरायला जागा आहे का, हे बघा. कित्येक मॉडेलमध्ये ती जागा सीटखाली येते. घडी बांधून ठेवणारा पट्टा किंवा लोहचुंबक ढिला असेल, तर उचलताच दोन्ही चाकं सुटून पायात येतात.

घडीचे मुख्य प्रकार दोन. डाहॉन, टर्न किंवा डेकॅथलॉनच्या सायकलींत फ्रेमच्या मध्यावर बिजागरी असते आणि पुढचं चाक मागच्याला येऊन चिकटतं. लंडनच्या ब्रॉम्प्टनमध्ये मागचं चाक फ्रेमखाली वळतं, पुढचं बाजूला येतं आणि सीट खाली केली की सगळं अडकून बसतं. चेन मधोमध झाकली जाते. घडी झालेली ब्रॉम्प्टन जेमतेम ६५ बाय ५९ बाय २७ सेंटिमीटरची होते. ती फारच सुरेख वस्तू आहे, पण महाग. दुसरी घेताना घडीत चेन आत जाते की बाहेर राहते ते तपासा, कारण शेजारच्याच्या पँटला ग्रीस लागलं तर पुढचा प्रवास अवघडतो.

चाकाबाबत माझं मत ठाम आहे: वीस इंची घ्या. सोळा इंची घडी लहान होते खरी, पण मढ-मार्वे रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मनगटापर्यंत पोचतो. दुसरं कारण पंक्चरवाल्याचं. वीस इंची फोल्डिंगची सर्वसाधारण रिम ४०६ मिलिमीटरची, म्हणजे मुलांच्या वीस इंची सायकलीचीच. ट्यूब कुठल्याही नाक्यावर मिळते. ब्रॉम्प्टनची रिम ३४९ ची, मुलांच्या सोळा इंचीची ३०५ ची. दोन्हींना सोळा इंचीच म्हणतात, पण टायर एकमेकांना बसत नाहीत. वीस इंचीतही ४५१ ची अरुंद रिम असते, ती टाळा. टायर पावणेदोन इंच रुंद असावा. गिअर सहा-सात पुरेत. चाक लहान म्हणून जास्त पेडल मारावं लागतं ही भीती नको, पुढची दातेरी चकती मोठी देऊन कंपनी ते भरून काढते.

आता खारं पाणी. अॅल्युमिनियमची फ्रेम लोखंडासारखी तांबेरत नाही, पण तिच्यातले स्टीलचे बोल्ट, बिजागरीची पिन, स्पोक आणि चेन खारटपणाने पकडतात. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलीत एकत्र आले की गंज लवकर चढतो. सीटचा दांडा फ्रेममध्ये कायमचा अडकतो तो असाच, आणि मग घडीच होत नाही. म्हणून स्टेनलेस स्पोक मागा आणि दांड्याला पहिल्याच दिवशी ग्रीस लावून घ्या. फेरी करून आल्यावर सायकल गोड्या पाण्याने हलकेच धुवा (जोराची धार नको, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं), पुसून कोरडी करा आणि चेनला तेल द्या.

पैसे देण्याआधी दुकानातच स्वतःच्या हाताने घडी घाला आणि उघडा. बिजागरीच्या खटक्याला दुसरं सुरक्षाकुलूप आहे का आणि बंद केल्यावर हँडल हलत नाही ना, ते पाहा. मग सायकल एका हातात घेऊन दुकानाच्या पायऱ्या दोनदा चढा-उतरा. दुसऱ्या खेपेला हात बदलावासा वाटला, तर त्याहून हलकी दाखवायला सांगा.