कच्चें मडकें आणि श्रोत्यांची फर्माईश

तेर येथें गोरोबाकाकांच्या समाधीचें दर्शन घेऊन तेरणेच्या कांठीं बसलें कीं, ती जुनी कथा आठवल्यावांचून राहत नाहीं. संतमंडळी जमली असतां, ह्यांत कच्चें मडकें कोणतें, असें मुक्ताबाईनें विचारलें. काकांनीं थापटणें घेऊन एकेकाच्या मस्तकावर आघात केला. इतर स्वस्थ राहिले. नामदेव मात्र रागावले आणि कच्चे ठरले.

घरगुती बैठकींतील फर्माईश हें आमच्या मतें असेंच एक थापटणें आहे. एकट्यानें वाद्य घेऊन बसणाऱ्यास तर तें अधिकच जाणवतें. कारण चुकल्यास लपावयास दुसऱ्या कोणाचा आडोसा नसतो.

चेलो हें युरोपांतील वाद्यच पाहा. व्हायोलिनच्याच जातीचें, पण आकारानें पुष्कळ मोठें व आवाजानें खर्जाचें. त्याला चार तारा असतात, पडदे नसतात. त्यामुळें मींड सुरेख निघते. पण बोट केसभर सरकलें कीं स्वर ढळतो. बाखनें एकट्या चेलोसाठीं सहा रचनामाला लिहून ठेविल्या आहेत. तेथें वादकाला निदान लिहिलेल्या स्वरांचा आधार असतो. पुढें अमेरिकेच्या नॅन्सी लेश ह्यांनीं रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) ह्यांच्यापाशीं शिकून ध्रुपदाची आलापी ह्याच वाद्यावर आणली. आलापींत कागद नाहीं. रागाचे नियम सांभाळून त्या क्षणीं सुचेल तें वाजवावयाचें!

अशा वेळीं श्रोत्याची जबाबदारी थोर असते. सायंकाळीं भैरव मागणें, किंवा आलाप रंगांत आला असतां मध्येंच दुसरी वस्तु सुचविणें, ही मडक्याची पारख नव्हे. तें फोडणें होय. एक राग पुरा होऊं द्यावा, मग विनंती करावी. कलावंतानेंही 'हा राग मला अद्याप बसलेला नाहीं' असें सांगण्यांत कमीपणा मानूं नये.

आपल्या घरांत एखादी मुलगी पाहुण्यांपुढें वाद्य घेऊन बसते. तिला न येणारें मागून वडील मंडळी हंसतात आणि दुसऱ्या दिवशीं वाद्याला गवसणी चढते, ती पुन्हां निघतच नाहीं. काकांच्या थापटण्यानें असें झालें नाहीं. नामदेव विसोबा खेचरांकडे गेले आणि परिपक्व झाले. कच्चेपणा हा कलंक नव्हे. भट्टी अजून बाकी आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून फर्माईश अवश्य करावी. परंतु थापटणें उचलण्यापूर्वीं आपल्यापाशीं कुंभाराचा कान आणि कुंभाराची माया आहे कीं नाहीं, हें प्रत्येकानें पाहावें.