श्वास रोखायचा की नाही?

निमगाव केतकीला विहिरीत पोहणाऱ्या मुलांना आम्ही विचारले, "बुडी मारताना काय करता?" उत्तर आले, "श्वास रोखतो!" मालवणला मात्र सिंधुदुर्ग किल्ल्याजवळची प्रवाळे पाहण्यासाठी पाठीवर हवेची टाकी घेऊन उतरणाऱ्या नवख्याला पहिला नियम सांगतात : श्वास कधीही रोखू नका. असे का?

पाण्यात १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट असतो. विहिरीकाठी छातीत भरलेली ४ लिटर हवा तिथे दबून २ लिटर होते. वर आल्यावर पुन्हा ४ लिटर. टाकीची हवा मात्र रेग्युलेटरमधून भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने मिळते. म्हणून १० मीटरवरही फुप्फुसात पूर्ण ४ लिटर हवा मावते. ती कोंडून वर आलो, तर तिला ८ लिटर जागा लागेल. फुप्फुस फाटून जीवही जाऊ शकतो.

'पाणी उथळ, मग कसली भीती?' असे समजू नये. २० वरून १० मीटरवर येताना हवा दीडपट होते. १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना दुप्पट! पुरुषभर पाण्यातूनही इजा होऊ शकते.

वर्गात हे करून पाहू. सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये किंचित फुगवून तोंड बांधलेला छोटा फुगा ठेवा. टोक बोटाने दाबून दट्ट्या ओढा. फुगा मोठा होईल. फुग्याची गाठ म्हणजेच रोखलेला श्वास. ती सुटी असती, तर काय झाले असते? मुलांनाच विचारा.